टँकरवरची पाटी

मुंबई-गोवा महामार्गाने खेडहून चिपळूणकडे जाताना परशुराम घाट उतरण्याआधी लोटे लागते. महामार्गालगत औद्योगिक वसाहत आहे आणि तेथून रसायनांचे टँकर रात्रंदिवस ये-जा करीत असतात. या टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागे एक पाटी रंगविलेली असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १३४ व्या नियमाने ती सक्तीची केली आहे. आत भरलेल्या द्रव्याचे नेमके तांत्रिक नाव किमान ५० मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत असावे. धोक्याच्या वर्गाचा अंक किमान १०० मिलिमीटर उंच आणि त्या वर्गाचे चिन्ह किमान २५० मिलिमीटर चौरस असावे. आग लागली किंवा अपघात झाला तर कोणाला फोन करावयाचा त्यांचे नाव व क्रमांक असावा, आणि माल पाठविणाऱ्याचा किंवा त्या द्रव्याची जाण असलेल्या कोणाचा तरी क्रमांकही असावा. नियम एवढेच मागतो. ही पाटी वाचणारा मनुष्य घाईत असेल, कदाचित अंधारात उभा असेल, आणि त्या कंपनीचे नावही त्याने पूर्वी ऐकलेले नसेल, हे नियम लिहिणाऱ्याने गृहीत धरलेले आहे.

आता अशा एखाद्या मालाच्या कारखानदाराचे संकेतस्थळ मोबाइलवर उघडावे. बहुतेक ठिकाणी प्रथम एक रुंद छायाचित्र सरकत येते. त्यात परदेशी चेहऱ्याची एक तरुणी पांढरा कोट घालून निळ्या पाण्याची चंबू उचलून पाहत असते. मग दोन हात हस्तांदोलन करतात. मग पृथ्वीचा गोल फिरतो. त्यावर गुणवत्ता, विश्वास, नावीन्य असे शब्द इंग्रजीत येतात आणि वाचून होण्याआधी सरकून जातात. खाली अध्यक्षांचे मनोगत असते. मालाचे नाव कोठे आहे? तीन आडव्या रेघांच्या एका लहानशा खुणेमागे. फोन क्रमांक कोठे आहे? सर्वांत खाली, करड्या पार्श्वभूमीवर करड्या अक्षरांत, आणि तोही पुष्कळदा चित्राचा भाग म्हणून, म्हणजे बोट ठेवले तरी फोन लागत नाही. टँकर रंगविणाऱ्या पेंटरला जे साधले ते लाखो रुपये खर्चून उभ्या केलेल्या संकेतस्थळाला साधलेले नाही.

याचे कारण तंत्रज्ञानात शोधण्याची गरज नाही. जुन्या पेढीवर गिऱ्हाईक गादीपाशी आले की मुनीम पहिला प्रश्न विचारी, काय हवे? पेढी कधी स्थापन झाली, आजोबांनी कोणत्या गावाहून येऊन व्यवसाय मांडला, हे सारे पाणी-चहा झाल्यावर, आणि विचारले तर. संकेतस्थळाचे काम मात्र घरातल्या कोणा तरुणाकडे किंवा एखाद्या एजन्सीकडे सोपविले जाते, आणि बैठकीत चर्चा होते ती ‘आपण कसे दिसू’ याची. येणाऱ्याचा प्रश्न कोणता हे त्या बैठकीत कोणी मांडतच नाही, कारण येणारा त्या खोलीत नसतो.

जेकब नील्सन या डॅनिश अभ्यासकाने १९९६ मध्ये संकेतस्थळांतील दहा ठळक चुकांची यादी प्रसिद्ध केली होती. सतत हलणारी अक्षरपट्टी, शिळी झालेली माहिती, वाट न दाखविणारी पाने, उघडण्यास लागणारा फाजील वेळ अशा गोष्टी तीत होत्या. यादीतील काही कलमे तंत्रासोबत कालबाह्य झाली. हलणारी पट्टी आणि शिळी माहिती आजही अनेक भारतीय संकेतस्थळांवर सुखेनैव नांदत आहेत. पुढे त्याने ही यादी वेळोवेळी बदलली. नंतरच्या यादीत एक कलम आले ते व्यापाऱ्यांनी विशेष लक्षात घेण्याजोगे आहे: येणाऱ्याच्या प्रश्नाला उत्तर न देणे.

रसायनांच्या कारखान्याकडे कोणकोण येते ते पाहिले म्हणजे हे कलम किती व्यापक आहे ते कळते. पहिला येतो तो खरेदीदार. मुंबईत मशीद बंदरानजीकची वडगादी ही रसायने आणि रंगांची जुनी बाजारपेठ, आणि तेथे समाजातील अनेक कुटुंबांच्या पेढ्या आहेत. तेथल्या व्यापाऱ्याला एखाद्या द्रव्याची मागणी येते तेव्हा त्याच्या हाती बहुधा दोन गोष्टी असतात. एक द्रव्याचे नाव, आणि दुसरा सीएएस क्रमांक, म्हणजे जगभर त्या द्रव्याला मिळालेला एकमेव ओळखक्रमांक. ॲसेटिक ॲसिडचा ६४-१९-७, ॲनिलिनचा ६२-५३-३. एकाच द्रव्याची पाच नावे असतात, व्यापारी नावे तर अगणित. सीएएस क्रमांक मात्र एकच. म्हणून खरेदीदार शोधतो तो क्रमांकाने. आणि कारखानदाराच्या संकेतस्थळावर माल लावलेला असतो तो स्वतः ठेवलेल्या नावांनी, इंग्रजी आद्याक्षरांपुढे दोन-तीन आकडे जोडून. त्या नावाखाली कोणते द्रव्य आहे हे कारखान्यातल्या माणसांना पाठ असते. बाहेरच्याला ती सांकेतिक लिपी वाटते. कधी उत्पादनांची यादी चित्ररूपात टाकलेली असते. गूगलला चित्रातले आकडे भरवशाने वाचता येत नाहीत, त्यामुळे तो माल लोट्यात तयार होतो ही गोष्ट जगाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. व्यापारी शोधून थकतो आणि दुसऱ्या राज्यातल्या कारखान्याला फोन लावतो. गमावलेल्या त्या सौद्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही, आणि म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षे टिकते.

किंमत लिहावी की नाही, याविषयी मतभेद असणे स्वाभाविक आहे. रसायनांचे भाव आठवड्याला हलतात, आणि प्रतिस्पर्धीही तीच पाने पाहतो. पण किमान किती माल मिळेल, तो पिंपात की टँकरने, शुद्धता किती टक्के, नमुना मिळतो का, एचएसएन क्रमांक कोणता, हे लिहिण्यात कसले गुपित? या पाच गोष्टी नसल्यामुळे येणारे फोन मोजले तर एका कारकुनाचे निम्मे दिवस त्यात जात असल्याचे आढळेल.

दुसरा येणारा मनुष्य अधिक महत्त्वाचा आहे, आणि त्याच्यासाठी संकेतस्थळ बांधावे असे क्वचितच कोणाच्या मनात येते. समजा, रात्री अकरा वाजता एका लहान गोदामात पिंप गळू लागले आहे. हमालाच्या हातावर द्रव्य उडाले आहे. पिंपावरचे लेबल ओले होऊन पुसट झाले आहे, कंपनीचे नाव तेवढे वाचता येते. गोदामाचा पोरगा मोबाइलवर नाव टाकतो. त्याला हवे असते ते सुरक्षा माहितीपत्रक. धोकादायक रसायनांसंबंधीच्या १९८९ च्या केंद्रीय नियमांनुसार असे पत्रक तयार ठेवणे हे कारखानदाराचे कर्तव्य आहे. संयुक्त राष्ट्रांनी २००३ पासून रूढ केलेल्या जागतिक पद्धतीत त्याचे सोळा भाग असतात. पहिल्याच भागात तातडीचा दूरध्वनी क्रमांक, चौथ्यात प्रथमोपचार, पाचव्यात आग विझविण्याची रीत, सहाव्यात गळती झाल्यास काय करावे. रचना उत्तम आहे. माहितीही कारखान्याजवळ असतेच. पण संकेतस्थळावर त्या जागी एक बटण असते आणि ते दाबले की फॉर्म उघडतो: नाव, हुद्दा, कंपनी, ईमेल, देश, कोणत्या कारणासाठी हवे. भरून पाठविल्यावर उत्तर येते, आमचा प्रतिनिधी कार्यालयीन वेळेत संपर्क साधेल.

असा फॉर्म लावण्यामागे दुष्टावा नसतो. विक्री विभागाला संभाव्य ग्राहकांची नावे हवी असतात, एवढेच. श्रावकाचारातील पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य गणलेले आहे, आणि कोणते रसायन त्यात मोडते, कोणते नाही, हा विचार ज्याने त्याने गुरुमहाराजांच्या सान्निध्यात करावयाचा आहे; या सदराचा तो विषय नव्हे. पण जे कुटुंब या धंद्यात आहे त्याला एवढे तर आजच करता येते, की डोळ्यात उडालेल्या द्रव्यावर काय करावे हे सांगण्यापूर्वी विचारणाऱ्याचा हुद्दा मागू नये. पत्रक खुले ठेवावे. मालाच्या नावाशेजारीच त्याचा दुवा असावा. आणि पहिल्या पानावर माथ्याशी, बोट लावताच फोन लागेल असा, चोवीस तास उचलला जाणारा क्रमांक असावा.

तिसरा येणारा म्हणजे ट्रकचालक, आणि त्याचा प्रश्न पत्त्याचा. लोट्याच्या बाबतीत हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. तालुका खेड, जिल्हा रत्नागिरी. पण पुणे जिल्ह्यातही एक खेड तालुका आहे, आणि त्याच्या आसपासही कारखाने थोडे नाहीत. नुसते ‘खेड’ लिहिले तर नकाशा कोणत्या खेडला नेईल याची हमी नाही. वसाहतीचे रूढ नाव ‘लोटे परशुराम’, परंतु परशुराम हे तीर्थक्षेत्र चिपळूण तालुक्यात, घाटाच्या अंगावर. तेथे गाडी घेऊन गेलेल्या चालकाला भगवान परशुरामाचे दर्शन घडेल, कारखाना सापडणार नाही. शिवाय अनेक कंपन्यांचे नोंदणीकृत कार्यालय मुंबईत असते आणि संकेतस्थळावर पत्ता तेवढाच दिलेला असतो. नकाशावरची खूणही मुंबईचीच. कारखान्याचा भूखंड क्रमांक, प्रवेशद्वार कोणत्या रस्त्यावर, टँकर आत घेण्याच्या वेळा, वजनकाटा कोठे, यांतले काहीही लिहिलेले नसते. चालक इंग्रजी वाचतोच असे नाही. या एका पानाचे मराठी व हिंदी रूप ठेवले तर फार मोठा खर्च होत नाही.

रस्त्याची गोष्ट निघालीच आहे तर २०२२ चे उदाहरण घ्यावे. चौपदरीकरणाच्या कामासाठी त्या वर्षी एप्रिल-मे महिन्यांत परशुराम घाट दिवसाचे काही तास वाहतुकीला बंद ठेवला जात होता, आणि पुढे पावसाळ्यात दरडींमुळे तो पुन्हा बंद करावा लागला. त्याआधीच्या वर्षी, २२ जुलै २०२१ रोजी, चिपळूण शहर पुराच्या पाण्याखाली गेले होते आणि तेथील दूरध्वनी व वीज कोलमडली होती. लोटे वर पठारावर असले तरी बाहेरगावच्या व्यापाऱ्याला ते काय ठाऊक? अशा दिवसांत त्याला एकच ओळ वाचावयाची असते: कारखाना चालू आहे, माल अमुक मार्गाने निघेल, अमुक क्रमांकावर बोलावे. पण ‘ताज्या घडामोडी’ या पानावर मागल्या दिवाळीच्या शुभेच्छा असतात. कारण ते पान बदलण्याची किल्ली एजन्सीकडे असते, आणि एजन्सीतला तो मुलगा नोकरी सोडून गेलेला असतो. पुष्कळ घराण्यांत तर संकेतस्थळाच्या नावाची नोंदणीसुद्धा मालकाच्या नावे नसून त्या मुलाच्या ईमेलवर असते. दुकानाची पाटी दुसऱ्याच्या नावे रंगवून घेण्यासारखे हे आहे. ते आजच तपासून घेतलेले बरे.

चौथा येणारा शेजारी. आवाशी, घाणेखुंट, धामणदेवी, सोनगाव या गावांतली माणसे, दाभोळ खाडीत मासेमारी करणारी कुटुंबे. वसाहतीतील सांडपाणी सामुदायिक प्रक्रिया केंद्रातून खाडीकडे जाते, त्यामुळे त्या पाण्यात काय आहे हे जाणून घेण्याचा त्यांना रास्त अधिकार आहे. पर्यावरण मंजुरी घेतलेल्या प्रकल्पाने दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबर रोजी पालन अहवाल सादर करावयाचा असतो, आणि अनेक मंजुरीपत्रांत तो संकेतस्थळावर ठेवण्याचीही अट असते. कंपन्या तो ठेवतातही. पण कसा? छापील कागद तिरपा स्कॅन करून, दीडशे पानांची एक पीडीएफ, फाइलचे नाव ‘स्कॅन ००१’, मुख्य पानावरून तिच्याकडे जाणारी वाट नाही. मोबाइलवर ती उघडतच नाही, उघडली तर त्यात शब्द शोधता येत नाही. अट पाळली गेली, माहिती मात्र कोणाला मिळाली नाही. मग संशय वाढतो आणि तक्रार थेट मंडळाकडे जाते. जेथे अहवालातले आकडे चांगले असतात तेथेही हेच घडते, हे अधिक खेदाचे.

कायद्याने संकेतस्थळावर काय असावे याविषयी पुष्कळांना वाटते की तो प्रश्न ऑनलाइन विक्री करणाऱ्यांचा आहे. तसे नाही. कंपन्यांच्या स्थापनेविषयीचे २०१४ चे नियम आहेत, त्यांतील २६ वा नियम सांगतो की संकेतस्थळ विक्रीसाठी असो वा अन्य कारणासाठी, त्याच्या पहिल्या पानावर कंपनीचे नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, कंपनीचा ओळख क्रमांक, दूरध्वनी, फॅक्स असल्यास तो, ईमेल, आणि शंका किंवा तक्रार असल्यास ज्याच्याशी बोलावयाचे त्या व्यक्तीचे नाव असले पाहिजे. शेवटचे कलम विशेष बोलके आहे. त्यात व्यक्तीचे नाव मागितले आहे, नुसता फॉर्म पुरेसा नाही. वाचकांनी आपल्याच कंपनीचे पहिले पान उघडून ते नाव शोधून पाहावे.

फॉर्मविषयी बोलावे तेवढे थोडे. दूरध्वनीच्या चौकटीत आरंभी शून्य लिहिले तर चूक, अधिक-९१ लिहिले तर चूक, आणि चूक कोणती हे सांगण्याऐवजी भरलेला सगळा मजकूर पुसून टाकणारे फॉर्म आजही सर्रास आढळतात. वाकडी अक्षरे ओळखून दाखवा असे म्हणून सत्तर वर्षांच्या शेठजींची परीक्षा घेणारेही. हे सारे पार पाडून पाठविलेला निरोप ज्या पेटीत पडतो ती पेटी कोण उघडतो, हा प्रश्न विचारल्यावर कार्यालयात शांतता पसरते.

अक्षरांचा रंगही असाच दुर्लक्षित. सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार साध्या मजकुराच्या अक्षरांचा आणि पार्श्वभूमीचा तेजोभेद किमान साडेचारास एक असावा. फिकट करडी अक्षरे तरुण आरेखनकाराच्या मोठ्या पडद्यावर सुरेख दिसतात. खरेदीचा निर्णय मात्र चष्मा कपाळावर सारून मोबाइल लांब धरणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या हाती असतो.

शिळ्या माहितीत एक प्रकार निराळा काढून पाहिला पाहिजे. आयएसओ ९००१ चे प्रमाणपत्र सामान्यतः तीन वर्षांसाठी असते. मुदत संपलेल्या प्रमाणपत्राचे चित्र पहिल्या पानावर झळकत राहते, बंद केलेले उत्पादन यादीत राहते, निवृत्त झालेला तज्ज्ञ ‘आमचे मार्गदर्शक’ म्हणून राहतो. सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत कूटलेखक्रिया सांगितली आहे. विसरून राहिलेल्या लेखाला कूटलेख म्हणणे कठोर होईल, कारण त्यामागे हेतू नसतो. परंतु त्या चित्रावर विसंबून मागणी नोंदविणाऱ्याला हेतू दिसत नाही, लेख दिसतो. दिवाळीला वहीपूजन होते, जुनी वही मिटून नव्या वहीत पहिले पान लिहिले जाते. त्याच आठवड्यात संकेतस्थळाचे प्रत्येक पान एकदा वाचून काढण्याची प्रथा काही घरांनी पाडली तर ती त्या पूजनाला शोभेल.

चुका शोधण्यासाठी मोठा सल्लागार लागत नाही. नील्सननेच २००० मध्ये मांडले होते की पाच माणसांना वापरावयास देऊन शेजारी बसून पाहिले तर बहुतेक दोष उघडे पडतात. संध्याकाळी चौविहार आटोपला की घरात पाच माणसे सहज असतात. त्यांत कारखान्यात कधी न गेलेली सूनबाई असाव्यात, बारावीतला पुतण्या असावा, मोबाइलला बिचकणारे काका असावेत, गाडीचा चालक असावा. प्रत्येकाला एकच काम द्यावे. सूनबाईंनी ॲसेटिक ॲसिडचे माहितीपत्रक काढावे. चालकाने कारखान्याच्या दारापर्यंतची वाट काढावी. काकांनी चौकशी पाठवावी. पुतण्याने गेल्या डिसेंबरचा पालन अहवाल शोधावा. मालकाने शेजारी बसावे आणि तोंडातून एक शब्द काढू नये. हे सर्वांत अवघड. ‘अरे, तिथे नाही, वर बघ’ हे वाक्य ओठांवर आले की समजावे, चूक सापडली. ती कागदावर लिहावी आणि गप्प राहावे.

पाचव्या माणसाने संकेतस्थळावर सापडेल तो तातडीचा क्रमांक शोधून त्यावर फोन लावावा. रात्रीचे साडेनऊ वाजलेले असावेत. घंटा किती वाजतात आणि कोण उचलतो, की कोणीच उचलत नाही, हे सर्वांनी मिळून ऐकावे.